परक्यांच्या पाण्यात कोपर

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे "रुग्णसेवेतले हृदयस्पर्शी अनुभव" मागितले, तेव्हाच मी त्यांना सांगितलं की माझ्या नोकरीत हृदयाचा संबंध फारसा आला नाही. माझा संबंध कातडीशी, त्यातही खाजेशी. नव्वदच्या दशकात मी बंगळुरात, बसवनगुडीतल्या एका त्वचारोगाच्या दवाखान्यात नर्स होते, आणि माझं मुख्य काम होतं लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या आंघोळीच्या पाण्यात कोपर घालणं. संपादकांना हे पटलेलं दिसलं नाही. पण पानं रिकामी होती, म्हणून त्यांनी लिहा म्हटलं.

आधी रोग समजावून सांगते. एक्झिमा, म्हणजे आपण ज्याला इसब म्हणतो ते. चांगली कातडी आपल्यातला ओलावा धरून ठेवते. इसबवाल्याची कातडी पाझरणाऱ्या माठासारखी असते. ओलावा निघून जातो, कातडी कोरडी पडते, कोरडी पडली की खाजते, खाजवलं की फाटते आणि फाटली की आणखी खाजते. हात लावल्यानं तो दुसऱ्याला होत नाही. पूर्वजन्मीचं पाप नाही आणि शनीचाही त्यात हात नाही. औषधाचं मलम लावलं की आठ-पंधरा दिवसांत बसतो, लोक खूश होऊन दवाखान्याकडे पाठ फिरवतात आणि महिन्याभरानं खाजवत खाजवत परत दारात उभे राहतात.

आमचे डॉक्टर कन्नड, बुद्धीनं तल्लख आणि दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारे. त्यांचं म्हणणं असं, की मलम आग विझवतं, पण घरात रोज नवी आग कोण लावतं ते कोणीतरी जाऊन बघायला हवं. "कोणीतरी" म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. माणूस त्यांनी बरोबर निवडला होता. चौकशा करणं माझ्या माहेरच्या रक्तात आहे. शेजारी काय शिजलंय हे कळल्याशिवाय आमच्याकडे कोणाला घास गिळत नसे.

तर मी घरोघर जायची. साबण कोणता, कपडे कशानं धुता, अंगाला काय घासता, झोप किती, नखं दाखवा. आणि शेवटी न्हाणीघरात जाऊन हंड्यातल्या पाण्यात कोपर. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना आपण बघतो तसंच. पंजा गरम पाण्याला सरावलेला असतो, तो खोटं बोलतो. कोपर खरं सांगतं. इसबवाल्यानं कोमट पाण्यानं झटपट आंघोळ करायची, घासायचं नाही, पंचानं नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच साधं तुपकट मलम लावायचं, म्हणजे आतलं पाणी आत राहतं. एवढंच शास्त्र. पण आमच्या बंगळुरात स्वल्प गारवा पडला की माणूस उकळत्या पाण्याच्या बाबतीत ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही. माझं कोपर त्या दशकात बहुतेक लालच असायचं. बसवनगुडीतल्या पोरांनी माझं नाव "मोणकै अक्का" पाडलं. मोणकै म्हणजे कोपर. मी गल्लीत शिरले की पोरं ओरडायची आणि आतले लोक घाईघाईनं हंड्यात गार पाणी ओतायचे. पुढे मी उलट्या बाजूनं शिरायला लागले.

लोक सांगितलेलं ऐकत नाहीत असं नाही. ऐकतात, पण आपल्या पद्धतीनं. एक निवृत्त साहेब होते. गणपती बसले की ते लोकरीचा स्वेटर आणि माकडटोपी चढवत, ते शिवरात्रीला काढत. मान आणि कोपरांचे खळगे सोलून निघालेले. मी समजावलं, "साहेब, लोकर कातडीला टोचते. स्वेटर सोडवत नसेल तर सुती सदरा घाला." पंधरा दिवसांनी गेले तर साहेब स्वेटरवर सुती सदरा घालून बसलेले, गुंड्या गळ्यापर्यंत लावून. वर मलाच म्हणाले, "सिस्टर, सूचनेत वर की खाली हे नमूद नव्हतं." आयुष्यभर सरकारी खात्यात काढलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे मी त्या दिवशी शिकले.

दुसऱ्या एका घरी सहा वर्षांची मुलगी रात्री झोपेत पाय ओरबाडायची. मी आईला सांगितलं, नखं आठवड्याला कापा. ती म्हणाली, मंगळवारी आम्ही नखं कापत नाही, शुक्रवारी लक्ष्मीचा वार, शनिवारी नाही, सोमवारी हिच्या वडिलांचा उपास, गुरुवारी माझा, शिवाय अमावास्या, एकादशी आणि घरातल्या कोणाचाही जन्मवार. घरात माणसं अकरा. मी पंचांग घेऊन बसले आणि त्या महिन्यात तिला कसेबसे दोन बुधवार काढून दिले. संध्याकाळी कापायची नाहीत, म्हणून सकाळी शाळेआधी. त्या मुलीचे पाय सुधारले, पण पंचांग बघणारी नर्स म्हणून माझी कीर्ती झाली आणि दोन बायका मुलींच्या पत्रिका घेऊन आल्या.

पण मला सांगायचं आहे ते शंकररावांचं.

शंकरराव आमच्यासारख्याच, बंगळुरात पिढ्या काढलेल्या जुन्या मराठी घरातले. चिकपेटेच्या जुन्या बाजारात त्यांचं साड्यांचं दुकान, मागच्या गल्लीत घर. वय पंचेचाळीसच्या आसपास. साडी दाखवणं ही त्यांची विद्या. गिऱ्हाईक पांढऱ्या गादीवर समोर बसलं की ते बाईच्या तोंडाकडे एकदा बघत, हात मागे करत, न बघता एक साडी उपसत आणि मनगटाच्या एका झटक्यानं ती अशी उलगडत की पदर नेमका बाईच्या पुढ्यात येऊन पडे. तुमकूर, कोलारहून लोक लग्नाच्या खरेदीला येत आणि विचारत, "शंकरण्णा आहेत का?"

आणि इसब झाला तो नेमका दोन्ही हातांना. बोटं फाटलेली, मनगटावर काळपट जाड चट्टे. बायका मागे सरकायला लागल्या. त्याहून वाईट म्हणजे फाटक्या कातडीत रेशमाचा धागा अडकायचा. एका धर्मावरम साडीचा काठ त्यांच्या बोटानं ओढला गेला तेव्हा धाकट्या भावानं, तुकोजीनं, विषय काढला. तुकोजी वाईट माणूस नव्हे. भावाला तो अण्णा म्हणायचा आणि मान खाली घालून बोलायचा. पण बोलला तो असं, "अण्णा, तुम्ही वर गोदाम बघा. गादीवर मी बसतो." शंकररावांनी मुदत मागून घेतली. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. तोवर हात सुधारले तर गादी, नाहीतर गोदाम. हे मला सांगताना ते दवाखान्यात रडले. एवढा मोठा माणूस, आणि डोळे पुसतानाही बोटं चुरचुरतात म्हणून मनगटानं पुसत होता.

डॉक्टरांनी दोन्ही मलमं दिली, औषधाचं आणि तुपकट. मी नियम पढवले. शंकरराव तिसरीतल्या हुशार मुलासारखे. "आंघोळीनंतर मलम लावता ना?" "लावतो, सिस्टर. दिवसातून तीन वेळा." "पाणी कोमट?" "कोमट." आणि हात महिनाभरात आधीपेक्षा वाईट. डॉक्टर त्यांच्या हातांकडे बघून एकच शब्द बोलले, "मने." घर.

मी सकाळी सहाला त्यांच्या घरी हजर. दार उघडलं त्यांच्या आईनं, अंबाक्कांनी. सत्तरीला आलेल्या, काटक, कडक सोवळ्याच्या. त्यांच्या सोवळ्याची ख्याती मी चिकपेटेच्या तोंडाशीच ऐकली होती. मी न्हाणीघराबाहेर स्टूल टाकून बसले.

शंकररावांनी आंघोळ केली. मलम लावलं. देवघराकडे निघाले. उंबऱ्यात अंबाक्कांनी अडवलं. "अंगाला तेलकट लावलंयस. तसाच देवाला शिवणार? आंघोळ कर." शंकरराव मागे वळले. तुपकट मलम साध्या पाण्यानं निघत नाही, म्हणून कढत पाणी आणि शिकेकाई. खसाखसा. मग पूजा. पूजा झाल्यावर, सिस्टरनं सांगितलंय म्हणून, पुन्हा मलम. मग नाश्त्याच्या पानावर जायचं, तर अंबाक्का सोवळ्यात वाढणार, आणि तेल लागलेला माणूस त्यांच्या पंगतीत बसणार नाही. तिसरी आंघोळ. शिकेकाई. मग दुकानात जाताना तिसऱ्यांदा मलम.

तीन वेळा मलम लावतो, हे ते खरंच सांगत होते. किती वेळा धुऊन काढता, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नर्सिंगच्या तीन वर्षांच्या शिक्षणात नव्हतं ते. मी तिसऱ्या आंघोळीच्या पाण्यात कोपर घातलं आणि जे ओरडले त्यानं शेजारच्या जरीवाल्याचं दार उघडलं.

अंबाक्कांना मी डॉक्टरांचा हुकूम सांगितला. त्या म्हणाल्या, "तुमचे डॉक्टर माझ्या देवघराचं बघतात का? मग मीही त्यांच्या दवाखान्याचं बघत नाही. सरी?" सरी म्हणजे ठीक, आणि त्यांचं ठीक म्हणजे विषय संपला.

मी खुद्द डॉक्टरांना घेऊन गेले. ते दारात उभे राहून म्हणाले, "अम्मा, बिसि नीरु बेड." गरम पाणी नको. अंबाक्का म्हणाल्या, "आधी कॉफी घ्या." कॉफी आली, उप्पिट आलं, वर तुपाची धार. अर्ध्या तासानं आम्ही बाहेर पडलो. रस्त्याला लागल्यावर डॉक्टर म्हणाले, "कॉफी चांगली होती."

मग मला अक्कल सुचली. ती सुचली नसती तर बरं झालं असतं. मी अंबाक्कांना विचारलं, "तेल नाही चालत. तूप?" त्यांनी विचार केला. तूप शुद्ध. तुपाला विटाळ नाही. तूप चालेल. मी डॉक्टरांना न विचारता शंकररावांना सांगितलं की आंघोळीनंतर घरचं तूप चोपडा आणि पूजेला बसा.

पहिल्या दिवशी दुकानात कोणीतरी विचारलं, आज पुरणपोळी आहे का? दुसऱ्या दिवशी गादीला मुंग्या लागल्या. पांढऱ्या गादीवर मुंग्यांची रांग थेट शंकररावांपर्यंत. गिऱ्हाईक बायका पाय वर घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी एका मोतिया रंगाच्या रेशमी साडीवर पाच बोटांचा तुपाचा ठसा उमटला. तुकोजी आता मान खाली न घालता बोलला. "अण्णा, तुळशीच्या लग्नापर्यंतसुद्धा कशाला थांबायचं?" शंकररावांनी हात जोडून तेवढे दिवस मागून घेतले. ते हात जोडलेले मी बघितले नाहीत, त्यांनी सांगितलं. पण त्यांची गादी माझ्या शहाणपणानं हातची जायला आली होती.

माफी मागायला मी दुपारी त्यांच्या घरी गेले. दार लोटलेलं होतं. आत अंबाक्का एकट्याच. न्हाणीघराच्या दाराच्या दगडी चौकटीला उजवा हात लावून, डोळे मिटून, घासत होत्या. खाली-वर, खाली-वर. लांब बाहीचं पोलकं कोपराच्या वर सारलेलं. मी त्यांना नेहमीच लांब बाह्यांत पाहिलं होतं आणि म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजते म्हणून सोडून दिलं होतं. साऱ्या बंगळुराची चौकशी करणारी मी.

त्यांनी मला बघितलं आणि बाही खाली ओढली. मी जवळ जाऊन ती परत वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी जाड, काळी, झाडाच्या सालीसारखी. शंकररावांच्या हाताला आता सुरू झालेलं होतं ते इथे कधीचंच मुरलेलं.

"किती वर्षं?"

"शंकरच्या आधीपासून," त्या म्हणाल्या. मग खाली बसल्या. नवी नवरी असताना सासूनं हात बघितला आणि सांगितलं, ही अस्वच्छ आहे, हिला स्वयंपाकघरात घेऊ नका. सहा महिने त्यांनी अंगणात बसून तांदूळ निवडले. मग त्यांनी बाह्या लांब केल्या आणि आंघोळी वाढवल्या. जितकं जास्त खाजे तितकं पाणी कढत. सासूपेक्षा कडक सोवळं पाळलं, म्हणजे कोणी बोट दाखवू नये. "आणि आता त्याला झालंय. माझ्यामुळे झालं म्हणतील, म्हणून नाही बोलले. आंघोळीनं निघून जाईल वाटलं गं."

इसब बऱ्याचदा घराण्यातून येतो, म्हणून दवाखान्याच्या कागदावर एक प्रश्न छापलेला असायचा, घरात आणखी कोणाला आहे का? तो मी शेकडो वेळा विचारला असेल. पण विचारला तो दवाखान्यात आलेल्या माणसाला. घरात ज्या बाया दाराआड उभ्या असत, त्यांना मी फक्त पाण्याबद्दल विचारलं. याची मला आजही लाज वाटते, आणि ती इथे लिहून कमी होईल असं वाटत नाही.

मी त्यांना तिथंच सांगितलं, की ही अस्वच्छता नाही. कातडीच तशी घेऊन आलात, दुसरा कोणी उंच येतो, कोणी घारा येतो, तसं. धुऊन ते जात नाही, धुऊन वाढतं. त्या पदराचं टोक पिळत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोणाला सांगू नकोस." मी शब्द दिला. मग पिशवीतून तुपकट मलमाची डबी काढून त्यांच्या हाताला लावली. त्या हात सरळ धरून बसल्या होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या.

पुढची युक्ती माझी नव्हे, हे प्रामाणिकपणे लिहिते. चार दिवसांनी त्यांनीच मला बोलावलं. म्हणाल्या, "ओलेत्यानं पूजा करणं हे सगळ्यात मोठं सोवळं. बरोबर? मग शंकरनं आंघोळ करावी आणि ओल्या पंचानंच देवापुढे बसावं. नुसती फुलं वाहायची, आरती मी करीन. पाच मिनिटं. अंग ओलंच असेल. तसंच तुझं ते मलम लावावं. पुन्हा आंघोळ नाही. पंगतीला चालणार नसेल तर पंगत मी बाहेरच्या पडवीत काढते, तिथं सोवळं नाही." इतक्या वर्षांचं धर्मशास्त्र त्यांनी चार वाक्यांत वळवलं आणि एक नियमही मोडला नाही. मी डॉक्टरांना सांगितलं. ते पहिल्यांदाच मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "त्यांना दवाखान्यात नोकरी द्या." मला ते थोडं लागलं.

हंड्याखालची लाकडं निम्म्यावर आली. शिकेकाई बंद. दुकानात मोकळ्या वेळी शंकरराव मलमाचा पातळ हात फिरवून सुती हातमोजे घालून बसू लागले. सहा आठवड्यांत बोटांच्या भेगा मिटल्या, रेशीम अडकेना. चट्टे फिके झाले, पण गेले नाहीत. ते पूर्ण जात नाहीत. या रोगाचं मी कधी कोणाला खोटं सांगितलं नाही.

तुळशीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी मला राहवेना, साडी घ्यायची आहे असं सांगून मी दुकानात गेले. गर्दी होती. शंकरराव गादीवर, तुकोजी त्यांच्या मागे उभा. समोर तुमकूरकडची एक बाई, लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन. शंकररावांनी साडी उलगडली, पदर नेमका मुलीच्या मांडीवर पडला. मग त्या बाईचं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं. तिनं पदर मुलीच्या मांडीवरून झटकला आणि तुकोजीला कन्नडमध्ये म्हणाली, दुसऱ्या कोणाला तरी बसवा. शंकररावांनी हात मांडीखाली घेतले. तुकोजी पुढे झाला.

तेवढ्यात दारातून अंबाक्का आल्या. त्या दुकानात कधी येत नसत. त्यांना साड्या घरी पाठवल्या जात. त्यांनी चपला काढल्या आणि गर्दीतून येऊन त्या बाईच्या अगदी शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

"शंकर, ती वांगी रंगाची काढ. माझ्यासाठी."

रंग बाईच्या कांतीवर कसा दिसतो हे बघायला चिकपेटेत साडीचा काठ तिच्या उघड्या हातावर टाकून दाराच्या उजेडात धरतात. अंबाक्कांनी उजवी बाही हळूहळू कोपराच्या वर सारली आणि हात सगळ्या दुकानासमोर लांब केला. शंकरराव हातात साडी घेऊन तसेच राहिले. आईचा तो हात ते कळत्या वयात पहिल्यांदा बघत होते.

"बघतोस काय? टाक काठ. तुला ते माझ्याकडूनच आलंय."

मग त्या बाईकडे वळून त्यांनी तेच कन्नडमध्ये सांगितलं, लहान मुलीला समजावतात तसं सावकाश. धुतल्यानं जात नाही, हात लावल्यानं लागत नाही, मी याला न्हाऊ घातलंय, याच हातांनी.

शंकररावांनी आईच्या हातावर काठ टाकला. एक धागा अडकला नाही. त्या बाईनं आधी आईचा हात बघितला, मग मुलाचा. मग तिनं मुलीची बाही वर केली आणि तिचा हात पुढे धरला. म्हणाली, हाच रंग हिलाही दाखवा, आणखी आहेत का?

आणखी वर गोदामात होत्या. आणायला तुकोजी गेला.